गोड्या पाण्याचा समुद्र

गोराईला समुद्र आहे. चांगला लांबरुंद, वाळूसकट, आणि फुकट. तरी सुट्टीच्या दिवशी बोरिवलीहून माणसं खाडीच्या धक्क्यावर येतात, बोटीत बसून खारं पाणी ओलांडतात, पलीकडे तिकीट काढतात आणि सिमेंटच्या समुद्रात उतरतात. मुंबईकराला समुद्राचं वावडं नाही. त्याला फक्त लॉकर, शॉवर आणि शिट्टीवाला माणूस असलेला समुद्र हवा असतो.

मुलांच्या परीक्षा संपल्या आणि आमचीही वॉटर किंगडमची सहल ठरली. ठरवली भाऊजींनी. भाऊजी बँकेत असल्यामुळे त्यांनी आदल्या रात्री ग्रुपवर तक्ता टाकला : ९.४० धक्का, ९.५५ बोट, १०.१५ कपडे बदलणे, १०.३० ते १.०० आनंद, १.०० ते १.४५ जेवण, १.४५ ते ४.०० आनंद (उर्वरित), ४.०० ते ४.४५ शांतता. शांतता म्हणजे शेजारचा विपश्यना पॅगोडा. तो गुहागरहून आलेल्या आमच्या आत्यासाठी घातला होता. "मी पॅगोडा बघणार. तुमच्या डबक्यात मला रस नाही," असं तिने निघतानाच बजावलं होतं.

धक्क्यावर भाऊजींनी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. ते उघडेपर्यंत आत्याचं गणित झालंसुद्धा.

"आज नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. भरती सकाळीच होऊन गेली. आता एकपर्यंत पाणी उतरणार. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतील, चपला हातात घ्या."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि ज्याला पाऊणकी पाठ आहे त्याला रेंज लागत नाही. मोबाइलची वेळ दहा-बारा मिनिटांनी वेगळी निघाली. चूक मोबाइलची असणार, असं आत्याचं मत पडलं. भाऊजींनी चपला हातात घेतल्या.

बोटीत दोन मोटारसायकली, एक रिकामी पाटी घेऊन परतणारी कोळीण, आणि बाकी सगळे आमच्यासारखे टॉवेलवाले. गोराईला भाईंदर-उत्तनवरून रस्त्यानेही जाता येतं, पण तो वळसा मोठा. दोन्हीकडे तिवरं होती. उतरत्या पाण्याने उघड्या पडलेल्या चिखलात त्यांची श्वासमुळं वर आली होती आणि मधून निवट्या टुणकन उड्या मारत होत्या. डोळे डोक्यावर, कल्ल्यांमागच्या पंखांवर रेलून बसलेल्या, मासा असून चिखलात मजेत. एका निवटीने उडी मारून दुसरीच्या अंगावर पंख ताठ केला. पोरं पूर्ण वेळ तेच बघत होती. भाऊजी मात्र अस्वस्थ झाले. तक्त्यात आनंद साडेदहाला होता.

समोर पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसायला लागला. यांगूनच्या श्वेडगॉनवर बेतलेला, आत एकही खांब नाही, आणि आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसतील एवढा. २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या आधीपासून इथे १९८९चं एस्सेलवर्ल्ड होतं, ज्याच्या जाहिरातीचं गाणं नव्वदच्या दशकात शेंबड्या पोरालाही पाठ असायचं. ते आता बंद पडलंय. १९९८चं वॉटर किंगडम चालू आहे. त्यामुळे एकाच धक्क्यावर उतरून माणसं दोन दिशांना पांगतात : अर्धी दहा दिवस तोंड न उघडायला, अर्धी दिवसभर बोंबलायला.

आत शिरल्यावर पोशाखाचा प्रश्न आला. साडी, सलवार, सुती काही पाण्यात चालत नाही. नियम शहाणपणाचा आहे : सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे गाळणयंत्रात जातात, आणि घसरगुंडीत पदर अडकला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून भाड्याचा नायलॉनचा पोशाख. काउंटरवर निळ्या रंगाचा ढीग होता, आणि भाऊजींच्या मापाचा एकही त्यात सहजासहजी सापडेना. शेवटी सापडला, त्यात ते गेलेही, पण नंतर दिवसभर श्वास हप्त्याहप्त्याने घेत होते.

"मी काठावर पिशव्या सांभाळते," आत्या म्हणाली.

"आजी, पिशव्या लॉकरमध्ये," थोरली म्हणाली.

आत्याचं कामच गेलं. ती बराच वेळ तो पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख उलटासुलटा करून बघत राहिली. मग म्हणाली, "अंगभर आहे म्हणायचा," आणि पडद्याआड गेली.

उंच घसरगुंड्यांविषयी फार सांगण्यासारखं नाही. मी एकीवरून आलो. डोळे मिटलेले असल्यामुळे प्रवासवर्णन करता येत नाही. भाऊजी शिडीच्या टोकाला उभे राहून मागून येणाऱ्या प्रत्येकाला अदबीने "तुम्ही व्हा पुढे" म्हणत होते. लहान मुलं, बायका, एक अख्खी कॉलेजची टोळी, सगळे पुढे गेले. एवढा सभ्य माणूस त्या शिडीने पाहिला नसेल.

खरी मजा लाटांच्या तलावात. भोंगा वाजला, गर्दी किंचाळली, आणि लाटा सुरू झाल्या. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून शांतपणे बघत होती. तिने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"अळणी. शिवाय औषध घातलंय."

भाऊजींनी समजावलं, "क्लोरीन, आत्या. आणि अशा तलावात टोकाच्या भिंतीमागे कप्पे असतात. पंख्याने हवा दाबून त्यातलं पाणी खाली ढकलायचं, सोडायचं, पुन्हा ढकलायचं. झाली लाट."

"म्हणजे भरती बटणावर. तिथी नको, काही नको."

"हो ना!"

"मग तुम्ही पडताय कशाला, जावईबापू?"

भाऊजी खरोखरच पडत होते. प्रत्येक लाटेला छाती काढून सामोरे जायचे आणि पार मागे काठाला लागायचे. आत्या पुढे झाली. "लाटेला आडवं अंग द्यायचं. पाय फाकवा. गुडघे सैल. आली की उडी नाही मारायची, खाली बसायचं, ती डोक्यावरून जाते." तिने करून दाखवलं. लाट गेली, आत्या वर आली, केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला. शेजारच्या चार अनोळखी पोरांनी तसंच केलं. पुढच्या भोंग्याला आत्यापुढे वीसेकजणांची रांग होती, आणि शिट्टीवाला शिट्टी तोंडात धरून नुसता बघत होता.

"एवढं कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

"शिकते कुठली? भाऊ आणि चुलतभाऊ डुंबायचे, मी काठावर त्यांचे कपडे धरून उभी. आमच्यात बायका घोट्यापर्यंत. सगळं बघून पाठ आहे. आज पहिल्यांदा भिजले."

चार वाजले. भाऊजींनी शांततेची आठवण केली.

"पॅगोडा कुठे पळतोय? दगडाचा आहे," आत्या म्हणाली आणि भोंग्याच्या दिशेने गेली.

बंद होताना काउंटरवर पोशाख परत करायला आम्ही रांगेत उभे राहिलो. भाऊजी अनामतीची पावती शोधत होते. आत्याने कपडे बदलले होते, पण निळी घडी छातीशी घट्ट होती.

"द्या आत्या, परत करायचाय."

"अनामत राहू दे त्यांच्याकडे. हा विकत केवढ्याला देतात, विचारा."

"अहो पण तुम्हाला कशाला?"

"गुहागरला समुद्र आहे, जावईबापू. पोशाख नाही."