दाढी सांगा, दाढ नको

अमेरिकेत रुग्णाने नर्सला कडकडून चावा घेतला, तर तिने पोलिसांना काय सांगावं? काहीच नाही, अशी तिथे अनेकांची ठाम समजूत. 'हिपा' आडवा येतो म्हणे. १९९६ सालच्या या कायद्याच्या लांबलचक नावात गोपनीयता हा शब्दच नाही, पण धाक सगळा तिचाच. वरिष्ठांनाही तो सोयीचा पडतो. पोलीस नकोत, बोभाटा नको. बाई, पट्टी लावा आणि पुढची खाट बघा.

नियम प्रत्यक्षात बरेच सैल आहेत. मार खाल्लेल्या कर्मचाऱ्याला संशयिताचं नाव, पत्ता, जन्मतारीख पोलिसांना देता येते. उंची, वजन, दाढीमिशा, व्रण, गोंदणसुद्धा. इतकंच काय, रक्तगटही! (पोलीस बहुधा 'बी पॉझिटिव्ह कोण रे?' असं विचारत दारोदार फिरणार.) यादीतून वगळलंय ते डीएनए आणि दातांच्या नोंदी. म्हणजे चावणाऱ्याची दाढी सांगायची, दाढ झाकून ठेवायची. नर्सच्या दंडावर उमटलेली बत्तिशी मात्र तिच्याच मालकीची. ती तिने खुशाल दाखवावी.