थंड प्लग, गरम डोकी

हैदराबादेत रानीगंजच्या स्पेअर पार्टच्या बाजारात शनिवारी दुपारी दहा मिनिटं उभे राहा. टर्बो गाडीवाला एखादा तरुण येतो, मोबाइलवरचा फोटो पुढे करतो आणि फर्मावतो, ‘भैया, इरिडियम दो, एक नंबर ठंडा.’ गाडीत आत्ता कोणता प्लग आहे? माहीत नाही. गॅप किती? माहीत नाही. गाडी त्रास देतेय का? नाही, मस्त चालते.

मग प्लग कशाला बदलतोस, बाबा?

‘पिकअपसाठी.’ हे उत्तर कोंडापूरपासून एल. बी. नगरपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. प्लग ताकद देत नाही. ताकद पेट्रोल आणि हवा देतात. प्लगनं वेळेवर ठिणगी टाकायची आणि तापून स्वतः निखारा व्हायचं नाही, एवढंच त्याचं काम. महागाची काडीपेटी आणली म्हणून चुलीवरचा भात लवकर शिजत नाही.

टर्बोत मात्र हेच काम जिवावरचं होतं. चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. सात लिटरांहून मोठं इंजिन, सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन-दोन प्लग आणि ताकद पन्नास-साठ हॉर्सपॉवरच्या घरात. आजच्या ह्युंदाई व्हेन्यूचं 998 सीसीचं टर्बो इंजिन तीन सिलिंडर आणि तीन प्लगांवर 120 पीएस देतं. तेव्हा बारा जणांच्या वाट्याला आली नाही, तेवढी आग आता तिघांनी सोसायची.

3000 आरपीएमवर एकेक प्लग सेकंदाला 25 ठिणग्या टाकतो. तासाला 90 हजार. एवढं राबणाऱ्याची निवड फोटो बघून करायची?

गॅपचंच, म्हणजे ठिणगी जिच्यावरून उडी मारते त्या फटीचंच घ्या. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं अवघड होतं, व्होल्टेज जास्त लागतं, कॉइलवर ताण येतो. म्हणून टर्बो इंजिनात गॅप लहान ठेवतात, बहुतेकदा 0.6 ते 0.8 मिलिमीटर. बिनटर्बोच्या इंजिनात 1.1 सुद्धा सहज चालते. दोघांतला फरक पोस्टकार्डाच्या जाडीएवढा.

हायवेवर तोच फरक ट्रकएवढा होतो.

गेल्या वर्षी सोलापूरला निघालो होतो. घरचे सगळे गाडीत. जहिराबादच्या पुढे ट्रकला मागे टाकायला पाय दाबला आणि गाडी झटके खाऊ लागली. शेजारी ट्रकची चाकं, मागे भोंगा वाजवणारी बस आणि पायाखाली गाडी ओढतच नाही. परत आल्यावर आमच्या मेकॅनिकचाचांनी प्लग काढून फिलर गेज लावलं. गॅप 1.1. मॅन्युअल सांगतं 0.75. विकताना ‘ओरिजिनल आहेत, डोळे झाकून लावा’ असं सांगितलं होतं. प्लग ओरिजिनलच होते.

दुसऱ्या इंजिनाचे.

आता त्या लाडक्या ‘थंड’ शब्दाकडे वळू. थंड प्लग इंजिनाला थंड करत नाही. तो स्वतःच्या टोकाची उष्णता लवकर सिलिंडर हेडकडे सोडतो, कारण त्याच्या आतल्या सिरॅमिकचं नाक आखूड असतं. गरम प्लगचं नाक लांब, म्हणून उष्णता रेंगाळते. टोक साधारण 500 अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे, तरच त्यावरची काजळी जळून जाते. साडेआठशेच्या फार वर गेलं तर ते ठिणगीची वाट न बघता पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. पाचशेच्या खाली काजळी, साडेआठशेच्या वर होळी.

यात कंपन्यांचे नंबर वेगळे. एनजीकेत नंबर वाढला की प्लग थंड, म्हणजे 6 पेक्षा 7 थंड. डेन्सोतही तसंच, पण तिथला 20 म्हणजे एनजीकेचा 6 आणि 22 म्हणजे 7. बॉशमध्ये सगळं उलटं, नंबर उतरला की प्लग थंड. ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणत बॉशचा डबा उचलला, तर थंड प्लग मागणाऱ्याच्या हाती गरम प्लग येतो.

तोही टर्बोसाठी!

‘पण इथे मे महिन्यात बेचाळीस अंश असतात ना!’ असतात. ज्याला 500 ते 850 अंशांत संसार करायचा आहे, त्याच्या खिजगणतीतही बाहेरचे दहा-पंधरा अंश नसतात. उन्हाळ्यात आत येणारी हवा तापते, नॉकिंगचा धोका वाढतो, हे खरं. त्यासाठी इंटरकूलर आहे आणि ठिणगीची वेळ मागे घेणारा ईसीयू आहे. भारतात गाडी विकणाऱ्या कंपनीनं भारतातला उन्हाळा पाहिलेला असतो.

ताकद वाढवायला ईसीयूचं रिमॅप केलं असेल तर? तर प्रश्न रास्त आहे. एनजीकेचा ठोकताळा असा, की 75 ते 100 हॉर्सपॉवर वाढवली तर प्लग एक पायरी थंड घ्यावा. एक लिटरच्या गाडीत साध्या रिमॅपनं वीस-तीसची भर पडते. ज्याला बूस्ट खरोखरच बराच वाढवायचा आहे, त्यानं ट्यूनरकडून प्लगचा नंबर आणि गॅप लेखी घ्यावी. ट्यूनर लिहून देत नसेल, तर गाडी त्याच्या ताब्यात द्यायची कशाला?

आणि ही गाडी धावते कुठे? आउटर रिंग रोडचे 158 किलोमीटर महिन्यातून एखाद्या रविवारी. रोज मात्र मियापूर ते हायटेक सिटी, पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक. तिथे गरजेपेक्षा थंड प्लगाला पुरतं तापायलाच मिळत नाही. काजळी धरते, सकाळी गाडी मिस मारते आणि मालक म्हणतो, पेट्रोल खराब.

पैसे खर्चायचेच असतील तर धातूवर खर्चा. निकेल 1,455 अंशांना वितळतं, प्लॅटिनम 1,768 ला, इरिडियम 2,446 ला. म्हणून इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून कमी व्होल्टेजला ठिणगी पडते, टोक हळू झिजतं, गॅप लवकर वाढत नाही. टर्बोत याची किंमत वसूल होते. मात्र मॅन्युअलनं सांगितलेल्याच नंबराचा इरिडियम घ्या. आणि त्या नाजूक टोकावर पक्कड चालवून गॅप जुळवणाऱ्याच्या हातून प्लग काढून घ्या.

जिथे महाग वस्तू, तिथे नकली वस्तू. निम्म्या किमतीत मिळणारं इरिडियम बहुधा इरिडियम नसतंच. पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

बसवतानाही घाई नको. इंजिन थंड होऊ द्या. प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा, नाहीतर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये जाते. आटे हातानं धरवा आणि शेवट टॉर्क पान्यानं करा. ‘अजून जरा आवळतो’ म्हणणारं मनगट अॅल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतं. मग तीन प्लगांच्या बिलात आख्ख्या हेडचं काम निघतं.

नवा प्लग निवडायचा तर आधी जुना वाचायला शिका. चाचा जुने प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडतात. एक, दोन, तीन, ज्या सिलिंडरमधून निघाले त्याच क्रमानं. चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि एकेक प्लग उजेडाकडे धरतात. टोक फिकट तपकिरी किंवा राखी असेल, तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा प्लग तापतच नाही. ओलं आणि तेलकट असेल, तर ऑइल आत उतरतंय. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल, तर प्लग भाजलाय. तिघांतला एकच वेगळा दिसला, तर दोष बहुधा त्या सिलिंडरचा. तिथे तिन्ही प्लग बदलून काय साधणार?

फुकटचा रिपोर्ट. आपण तो न वाचता कचऱ्यात टाकतो.

त्या दिवशी माझे तीन प्लग मांडून झाल्यावर मीही विचारलं, ‘चाचा, आता बदलतोच आहोत तर एक नंबर थंड टाकू या का?’ त्यांनी मान वर न करताच सांगितलं, ‘नक्को साब. किताब में जो है, वोइच डालो.’

किताब म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं मॅन्युअल. प्लगचा नंबर त्यात आहे, गॅप आहे, किती किलोमीटरला बदलायचा तेही आहे. तुमचं इंजिन ज्यांनी घडवलं, त्यांनी ते पान छापलंय. मोबाइलवरचा फोटो कुणी टाकला, ठाऊक आहे?

हैदराबादच्या दखनीतला ‘नक्को’ आपल्या मराठी ‘नको’तून आला. इथला रिक्षावाला, भाजीवाला, मेकॅनिक तो दिवसभर वापरतो. काउंटरवर चकचकीत डबा पुढे सरकवला जातो, तेव्हा आपल्यालाच तो आठवत नाही. पुढच्या शनिवारी रानीगंजला जाल, तेव्हा मॅन्युअलचं ते पान खिशात घ्या आणि हा शब्द जिभेवर ठेवा.