रडतराऊताचा अर्ज

(स्थळ : दक्षिण कोकणातील एक मामलेदार कचेरी. बारनिशी कारकुनाचे मेज.)

अर्जदार : आमच्या आळीतील लहानथोर मंडळी मला राजरोस ‘रडतराऊत’ म्हणतात, ही गोष्ट सरकारच्या नजरेस आणण्यासाठी मी या उन्हातून, तेही चढणीच्या वाटेने, आलो आहे.

कारकून : बसा, रावसाहेब.

अर्जदार : या खुर्चीचा एक पाय आखूड आहे.

कारकून : मग ती दुसरी घ्या.

अर्जदार : तिचे पाय सारखे आहेत, पण तिच्यावर वारा येतो.

कारकून : असो. राऊत म्हणजे घोडेस्वार, आणि शब्दाचे कुळ थेट संस्कृत ‘राजपुत्रा’पर्यंत पोचते; तेव्हा आळीने आपल्याला निदान घोडा तरी बहाल केला आहे.

अर्जदार : आणि त्याच्या वैरणीचा खर्च?

कारकून : बरे, ‘तक्रारखोर’ लिहू? ‘तक्रार’ मूळची अरबी, अर्थ पुनरावृत्ती; म्हणजे तेच ते पुनःपुन्हा सांगणे हा आपला दोष नसून शब्दाचाच धर्म ठरतो. शिवछत्रपतींनी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करविला, तरी ही बया मराठीत ठाण मांडून बसली ती बसलीच.

अर्जदार : परका शब्द माझ्या माथी नको.

कारकून : तर मग आपले ‘गाऱ्हाणे’ घ्या. देवळात एकजण देवापुढे गाऱ्हाणे घालतो, आणि वाक्यावाक्याला गावकरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात.

अर्जदार : आणि देव?

कारकून : देव ऐकून घेतो.

अर्जदार : तेवढे तर ही कचेरीही करते!

कारकून : परंतु त्या गाऱ्हाण्यात काही मागणे असते : रोगराई टळो, पोरेबाळे सुखी राहोत. आपला अर्ज चार पाने भरला असून ‘मागणी’ हा रकाना तेवढा कोरा आहे.

अर्जदार : तो बुद्ध्याच कोरा ठेवला आहे. मागणी लिहिली की ती मंजूर होण्याचा धोका उत्पन्न होतो.

कारकून : व्हय म्हाराजा! अर्ज दाखल झाला. ही घ्या पोच.

अर्जदार : थांबा. माझे म्हणणे आपण अखेरपर्यंत ऐकून घेतल्यामुळे बाहेर पारावर सांगण्याजोगे माझ्यापाशी काहीच उरले नाही, याबद्दल आपल्याविरुद्ध मामलेदारसाहेबांकडे निराळा अर्ज द्यावा लागेल. कागद आहे?

कारकून : आहे, पण पाठकोरा.

अर्जदार (प्रथमच प्रसन्न होऊन) : पाठकोरा?