वरून टाकू की!

अहमदपुरात गळक्या छपरावर एकच औषध चालतं: त्याच्यावर आणखी एक छप्पर. प्रस्तुत लेखकाच्या घराला सध्या दोन आहेत, तिसऱ्याची बोलणी सुरू आहेत. खाली स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि कोबाही गळतो म्हणून त्यावर आता दुसरा कोबा. जुना फोडायचा का, असं विचारलं तर मिस्त्री लेखकाकडे दयेनं बघतो. "कशाला फोडूलालाव, सर? वरून टाकू की!"

लेखकाला हे पटकन पटतं. पैसे वाचतात, शिवाय इभ्रत वाचते. जुनं काढायचं म्हणजे दारात राडारोड्याचा ढीग, आणि येणारा-जाणारा गाडी थांबवून विचारणार, "काय सर, फसलं का काम?" नवं चढवलं की मात्र घर चार बोटं उंच होतं. आपलं घर गल्लीत सगळ्यांत उंच दिसावं, ही लेखकाची जुनी हौस. स्वतःची उंची पाच फूट तीन इंच असल्यानं असेल.

"अहो, खालचं ओलं आहे, त्याच्यावर झाकण कशाला?" हा घरातला एकमेव शहाणा प्रश्न. तो लेखकाच्या पत्नीचा.

पाणी जिथून शिरतं तिथंच टपकेल, असा त्याचा स्वभाव नाही. एका थरात हे कोडं निदान सुटतं. दोन थर झाले की वर जिन्याजवळ शिरलेलं पाणी मधल्यामध्ये भटकतं आणि सवडीनं देवघरावर उतरतं. कोंडलेली ओल सळ्यांपर्यंत पोचते. गंजलेल्या लोखंडाला मूळच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती मिळवायला ते स्लॅबच्या खपल्या पाडतं. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात आपल्या कोब्यात आषाढातलं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं, हे सरकारला कळवावं असं लेखकाला अधूनमधून वाटतं.

मग वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर चार इंच कोबा म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. गच्चीवरच्या माणसा-सामानासाठी भारतीय मानक चौरस मीटरला दीडशे किलो धरतं, म्हणजे त्या खोलीवर जेमतेम चौदाशे किलो. थोडक्यात, दुसरा कोबा आला की कोजागरीला वर कुणाला बोलवायची सोय उरली नाही.

अमेरिकेतल्या नमुना गृहसंहितेत छपरावर आधीच दोन थर असतील तर तिसऱ्याला मनाई आहे. आधी खालचं काढा. हे लेखकानं मिस्त्रीला तोऱ्यात ऐकवलं. मिस्त्री म्हणाला, "तिकडं माळवदं नसतील, सर."

माळवदाचा विषय निघाला की लेखकाला आवरणं कठीण. हातभर जाड दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया, किलच्या आणि वर माती. बाहेर वैशाख पेटलेला असताना आत गारवा, छपरातल्या सवण्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा आणि त्यात तरंगणारी धूळ. वर कुरडया, सांडगे, मिरच्या. रात्री तिथंच अंथरुणं. पोरं एका माळवदावरून दुसऱ्यावर उड्या मारत अर्धं गाव पालथं घालत, जमिनीला पाय न लावता. आणि मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर. आजोबांचा थर, त्यावर बापाचा, त्यावर लेकाचा. जुनी माती खाली उतरवावी, असं सहसा कुणाच्या मनात आलं नाही. लेखकाच्या मते घराण्याची वंशावळ पाहायला भाटाकडे जायची गरजच नव्हती, माळवद खणलं की पुरे.

अशी माती कुठं कुठं दीड-दोन फुटांवर गेली होती. फूटभर माती म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साधारण साडेचार टन. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हलली, तेव्हा गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. चिखलात रचलेले दगड सुटले आणि पिढ्यांची माती अंथरुणांवर आली. आठ ते दहा हजार माणसं गेली. पुढं अभियंते गावोगाव सांगत राहिले, छपरावरची माती कमी करा. पण ती माती कुणी बेफिकिरीनं टाकली नव्हती. पाळण्यावर गळू नये म्हणून बापानं पाट्या वाहिल्या होत्या. लेखकाला मिस्त्रीवर चिडता येत नाही, ते यामुळं.

तेव्हा जुना कोबा फोडायचा, असा निकाल पत्नीनं दिला आहे. नवं काही बांधलं की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. काढण्याचा मुहूर्त कुठल्याच पंचांगात नाही, अशी लेखकाची तक्रार आहे. त्यानं मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, हे काम गुपचूप रात्री उरकता येईल का? मिस्त्री म्हणाला, "येईल की. पण घणाचा आवाज ऐकून सगळी गल्ली बघायला तुमच्याच गच्चीवर येईल. आन् स्लॅबचं तर तुम्हाला म्हाईतच हाय."