होडीचा चातुर्मास

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं अभिमानानं छापलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती भरतात ११,८४२. स्वतःजवळचं कमी करून सांगणारं सरकार जगात विरळाच. या तळ्यांसाठी नोंदवलेल्या होड्या आठ लाखांच्या घरात आहेत, म्हणजे साधारण दर सात माणसांमागे एक. आणि ही सगळी तळी हिवाळ्यात गोठतात. अशी गोठतात की त्यांच्यावरून मोटारी हाकतात आणि बर्फाला भोक पाडून लोक मासे धरत बसतात. तेव्हा ऑक्टोबर लागला की राज्यातल्या घराघरांत एकच विषय निघतो: होडीचं काय करायचं?

तिथं स्थायिक झालेला मराठी माणूस पहिली काही वर्षं या चर्चेतून सुटतो. मग एका जूनमध्ये त्याला मालवणची खाडी आठवते, शेजाऱ्याची होडी दिसते, आणि तो सोळा फुटी ॲल्युमिनियमची वापरलेली होडी, तिला लावायचं इंजिन आणि खालचा ट्रेलर असं सगळं एकदम घेऊन मोकळा होतो. उन्हाळा मजेत जातो. फोटो गावी जातात. ऑक्टोबरात मात्र तो आईला फोनवर सांगतो, की या शनिवारी बोलायला वेळ नाही, होडीची थंडीची तयारी करायची आहे. पलीकडून प्रश्न येतो, ‘‘अरे, होडयेक खयची थंडी?’’

माऊलीचा प्रश्न बिनतोड आहे. होडीला थंडी वाजत नाही. थंडी वाजते ती होडीत राहून गेलेल्या पाण्याला. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि फुगताना समोर प्लास्टिक आहे की बिडाचं ओतकाम, याची विचारपूस करत नाही. उभा उन्हाळा तळ्याच्या लाटा खाल्लेली होडी अंगणात, कोरड्या जमिनीवर, इंजिनात राहिलेल्या वाटीभर पाण्यानं निकालात निघते. चिरलेलं इंजिन विम्यात बसतं की नाही, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ती अक्षरं माणूस पहिल्यांदा वाचतो ती एप्रिलमध्ये.

म्हणून तयारी. मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन त्या मानानं गुणी: ते सरळ उभं ठेवलं की त्याच्यातलं पाणी आपसूक निथळतं. आडवं किंवा कलतं ठेवलं तर निथळत नाही, आणि गॅरेजात जागा वाचवायला नेमकं तेच केलं जातं. होडीच्या पोटात बसवलेलं इंजिन असेल तर मात्र त्याची बुचं काढून पाणी सोडावं लागतं, बुचांची भोकं गाळानं बुजली असतील तर तारेनं कोरावी लागतात आणि मग आत गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं. गुलाबीच का, तर ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं आणि त्यामानानं निरुपद्रवी. मोटारीत पूर्वापार वापरतात ते इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, कुत्र्यामांजरांचा जीव घेणारं. गुलाबी बाटलीवर ‘उणे ५०’ असा फॅरनहाइटमधला आकडा ठळक छापलेला असतो. त्याचा अर्थ तिथवर नळी फुटणार नाही एवढाच. त्याच्या कितीतरी आधी आतल्या द्रवाचा बर्फगोळ्यासारखा लगदा झालेला असतो. त्यात आधीचं पाणी मिसळलं तर तेवढीही हमी उरत नाही.

खरी परीक्षा असते गिअरच्या तेलाची. इंजिनाच्या तळाशी, पंख्याजवळ, दोन स्क्रू असतात. खालचा सोडायचा, मग वरचा सोडायचा, आणि खाली घमेलं धरून पाहत बसायचं. तेल काळपट पण नितळ आलं तर हुश्श. दुधाळ आलं, कोकोसारखं, तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. त्या घमेल्याभोवती उकिडवे बसलेले दोन-तीन शेजारी ते तेल बोटांत चोळून, उजेडात धरून, एकमेकांकडे न बघता माना हलवतात. दुधाळ तेल पाहून हसलेला शेजारी अजून जन्माला यायचा आहे. प्रत्येकाचं स्वतःचं घमेलं अजून बघायचं असतं.

मग पेट्रोल. तिकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यावर टाकीत स्टॅबिलायझर ओतून इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे ते सगळीकडे पोचतं. शेवटी चालत्या इंजिनात विशिष्ट तेलाचा फवारा मारायचा. आतल्या भागांवर त्याचा थर बसतो आणि गंज धरत नाही. शिवाय पांढऱ्या धुराचा लोट उठून गल्ली भरून जाते आणि नवा शेजारी अग्निशमन दलाला फोन लावायच्या बेतात येतो. जुना शेजारी फक्त खिडकी लावून घेतो. बॅटरीचा हिशेब उलटा: पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० सेल्सिअसलाही गोठत नाही, आणि उतरलेली मात्र शून्याच्या जरा खाली गेलं की गोठून फुटते. ती बॅटरी घरात आणून चार्जरला लावली जाते आणि तिच्यावरून घरात काय बोललं जातं, हा या लेखाचा विषय नाही.

उंदीर मात्र आहे. बर्फाळ प्रदेशातल्या उंदराला होडीतल्या फोमच्या गाद्या म्हणजे आयती बाळंतिणीची खोली. यावर प्रत्येकाकडे रामबाण उपाय असतो: पुदिन्याचं तेल, कपडे वाळवण्याच्या यंत्रातले सुगंधी कागद, भोकात कोंबलेला लोखंडी काथ्या. मराठी माणूस विश्वासानं डांबराच्या गोळ्या ठेवतो. मेमध्ये होडी उघडली की आजीच्या ट्रंकेचा वास येतो आणि तो जुलैपर्यंत तळ्यावर साथ देतो. उंदीर त्या वासात किती टिकतो यावर दुमत आहे. पाहुणे टिकत नाहीत, यावर नाही. गाद्या काढून घरात नेणं एवढाच खात्रीचा उपाय. म्हणून कुणी तो सांगत नाही.

आता झाकण. ताडपत्री घट्ट ताणून बांधली म्हणजे काम झालं, हा जगातल्या सर्व नवशिक्या होडीवाल्यांचा समज असतो. पहिल्या बर्फानंतर मधोमध पोट सुटतं, ऊन पडलं की तिथं पाणी साचतं, रात्री ते गोठतं, आणि त्या वजनानं ताडपत्री आत बसते. मधे आढं हवं, दोन्ही बाजूंना उतार हवा, आणि आतला दमटपणा जायला वाट हवी. नाहीतर मेमध्ये बुरशीचं पीक. हे कौलारू घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागू नये. तरी लागतं.

कारण त्याच्याच मुलखात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, फक्त ऋतू वेगळा. कोकणातल्या होडीचा हिवाळा पावसाळ्यात येतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणं त्यात आली. मेअखेरीला होड्या वर काढायची घाई उडते. छोटी होडी ओंडक्यांवरून माणसांच्या बळावर चढते. मोठीला आता क्रेन येते. इंजिन काढून घरी पडवीत. होडीवर बांबूचं आढं, त्यावर पूर्वी माडाच्या झावळांचे झाप, आता निळी ताडपत्री, कुठे दोन्ही. तळाचं बूच काढलेलं, म्हणजे पावसाचं पाणी आलं तसं निघून जातं. लाकडी होडीच्या फळ्यांत कापूस ठासणं, लाकडाला तेल पाजणं, रंग देणं ही कामंही याच सुट्टीतली. मिनेसोटात होडीला गुलाबी औषध पाजतात, इथं तेल. औषध वेगळं, चातुर्मास एकच.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात पावसाळ्यात होड्या ठेवण्याची थेट तरतूद आहे: आरमाराची छावणी दरसाल नव्या बंदरी करावी, सगळं एकाच जागी ठेवू नये, किल्ल्याचा आसरा असलेली जागा निवडावी. अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभाराचा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला होड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न ‘बघू, पाऊस आला की’ म्हणून सोडावासा वाटला नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ हाउसिंग सोसायट्यांनाही तो सोडवत नाही. त्यांच्या नियमांत एवढंच असतं, की घरापुढे होडी दिसता कामा नये. मग होडी गॅरेजात जाते, मोटार बाहेर बर्फात राहते, आणि जानेवारीच्या सकाळी मालक पातं घेऊन काच खरवडत असतो. होडी आत उबेला, मालक बाहेर. याला हौस म्हणतात.

हिवाळ्यात छोटी होडी उलटी ठेवावी, हा सल्ला सगळीकडे सापडतो. त्याचा कडेलोट १९१६ साली अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर झाला. ध्रुवप्रवासी शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ जहाज बर्फानं चिरडल्यावर त्याची माणसं तीन होड्यांतून तिथं पोचली. तो स्वतः पाच जणांना घेऊन ‘जेम्स केअर्ड’मधून मदत आणायला गेला, आणि मागे राहिलेल्या बावीस जणांनी उरलेल्या दोन होड्या दगडी भिंतींवर पालथ्या घालून त्यांचं छप्पर केलं. एप्रिल अखेरीपासून ३० ऑगस्टला सुटका होईपर्यंत ते त्या छपराखाली सीलच्या चरबीचा धूर खात राहिले. बावीसच्या बावीस वाचले. होडीनं हिवाळ्यात माणसाची राखण केल्याचं एवढं चोख उदाहरण दुसरं सापडणं कठीण. एरवी ही चाकरी उलट दिशेनं चालते. ‘जेम्स केअर्ड’ आज लंडनच्या डलिच कॉलेजात छपराखाली ठेवलेली आहे.

वसंतात बर्फ फुटतं, ताडपत्र्या उतरतात आणि तळ्याच्या उतारावर ट्रेलरांची रांग लागते. मिनेसोटाचा कायदा असा, की तळ्यातून काढलेली होडी रस्त्यावर नेताना बूच काढलेलं असलंच पाहिजे. एका तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. नियम उत्तम. पण काढलेलं बूच परत लावायला कायदा सांगत नाही, आणि पाण्यात सोडल्यावर होडी हळूहळू जड का होतेय याचा विचार करणारे मालक दर मेमध्ये दिसतात. रांगेतले बाकीचे तेव्हा आपापल्या होडीच्या मागे वाकून हळूच हात लावून बघतात.

तेव्हा होडी घ्यायची असेल तर आधी ती सहा महिने ठेवायला जागा आहे का ते बघा. नसेल तर होडी घेऊ नका, होडीवाला मित्र गाठा. फक्त त्याचा ऑक्टोबरातला फोन उचलत जा. घमेलं धरायला दुसरा माणूस लागतो.