हात मुलांचेच हवेत

शाळेच्या प्रदर्शनात रोबोशेजारी उभ्या असलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: पहिल्यांदा चालू केलास तेव्हा काय बिघडलं होतं? ज्याने स्वतः जोडलाय तो थांबतच नाही. वायर सुटली, चाक उलटं फिरलं, बॅटरी तापली, सगळं सांगतो. ज्याने जोडलेला नाही तो पाठ केलेली चार वाक्यं म्हणतो आणि मागे उभ्या आईकडे बघतो.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम भागात हे दुसरं मूल फार भेटतं. दोष मुलाचा नाही. पालक क्लासची फी भरतात आणि महिनाअखेर चालता रोबो मागतात. मग शेवटच्या दिवशी सरच स्क्रू आवळतात, तयार प्रोग्रॅम चढवतात, व्हिडिओ काढतात. तो फॅमिली ग्रुपवर फिरतो. मुलाच्या हाताला मात्र काहीच लागत नाही.

काळ्या पट्टीवरून चालणारी साधी गाडी घ्या. दोन मोटरी, पुढे एक मोकळं चाक, पोटाखाली दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि प्रोग्रॅम चालवणारा एक आर्डुइनो बोर्ड. सेन्सर खाली किरण सोडतो. पांढऱ्या कागदावरून ते परत येतात, काळ्या पट्टीत बहुतेक शोषले जातात. एवढ्या फरकावर गाडी वळते. खोलीत ट्यूबलाइटखाली ती छान चालते, आणि तीच दुपारी बाल्कनीत नेली की भरकटते. कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं. कागद कुठला आणि पट्टी कुठली हे सेन्सरला कळेनासं होतं. हे आपण सांगून टाकलं तर मुलाच्या वाट्याला एक वाक्य येतं. त्याने स्वतः हाताची सावली धरून पाहिली, सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवून पाहिला, शेवटी गाडीला पुठ्ठ्याची झालर लावली, तर ते भौतिकशास्त्र त्याचं झालं. यात अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या. “बाबा, तू हात नको लावू ना!” असं पोर म्हणालं, तर बाबांनी खरोखर उठून दुसऱ्या खोलीत जावं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये जागतिक रोबो ऑलिंपियाडची अंतिम फेरी इथेच, ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो मार्टमध्ये झाली. तेव्हाच्या ‘रेग्युलर’ गटाचा नियम मला फार आवडतो. रोबो जोडून आणायचा नाही. भाग सुटे आणायचे आणि तिथे बसून उभा करायचा. सूचनांचा कागद जवळ नाही. प्रशिक्षक मैदानाबाहेर. शिवाय त्याच सकाळी एक नवा नियम सांगणार, जो आधी कुणालाच ठाऊक नाही. मुलाला खरंच काय येतं, हे अशानेच कळतं. आपल्या शाळांच्या प्रदर्शनांनी यातला सुट्या भागांचा नियम उद्यापासून उचलला तरी अर्ध्या टेबलांवरचं चित्र पालटेल.

महागडं किट लागतं ही तक्रार मला पटत नाही. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात मोटरी, चाकं, वायरी, सेन्सर सगळं सुटं मिळतं. मुलाला बरोबर न्या, आणि दुकानदाराशी त्यालाच बोलू द्या. किती व्होल्टची मोटर हवी, हे काउंटरपाशी सांगता येणं हाही अभ्यासच आहे. तेवढेही पैसे नसतील तर अरविंद गुप्तांकडे वळा. आयआयटी कानपूरच्या या इंजिनियरने टेल्कोतल्या नोकरीनंतर मुलांची वाट धरली, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून भूमिती उभी केली आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका फुलवली. सेल, लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, यांची मोटर फिरते. आणि रोबोच्या मुळाशी मोटरच असते.

खेड्यात हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी शिरूर तालुक्यातलं पाबळ बघावं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत शिकणं हाच तिथला अभ्यासक्रम.

सरकारनेही पैसा दिला आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशात दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. पण लॅब पाहुणे आले की उघडायची आणि एरवी वस्तू हरवतील म्हणून कुलूप लावायचं, असं जिथे चालतं तिथे हा पैसा वाया जातो. मोटरी जळणार, सेन्सर हरवणार, कुणाच्या तरी बोटाला सोल्डरिंग आयर्नचा चटका बसणार. मुख्याध्यापकांनी हे गृहीत धरावं, आणि शिक्षकाकडून त्या जळक्या मोटरचा हिशेब मागू नये. तो मागितला की दुसऱ्या दिवसापासून शिक्षक मुलांना फक्त बघायला सांगतो.

तुमच्या मुलाच्या शाळेत अशी लॅब असेल, तर पुढच्या पालकसभेत तिची किल्ली कुणाकडे असते एवढं विचारा. शनिवारी ती मुलांसाठी उघडी ठेवायला सांगा. लक्ष ठेवायला माणूस नाही असं उत्तर आलं, तर तिथल्या तिथे तुमचं नाव द्या.