पहिला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर: उमरेडच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वांत आधी हे मान्य करा की तुम्हाला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची गरज नाही. पुढचा महिनाभर घरातली आणि गल्लीतली माणसं हेच ऐकवणार आहेत, आणि दुर्दैवाने त्यांचं बरोबर असणार आहे. साधा 16 किंवा 32 ओहमचा इअरफोन नुसत्या मोबाइलवरच कान किटेपर्यंत वाजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. ती हद्द ओलांडायला मोबाइलला कोणाची मदत लागत नाही. ज्याच्याकडे 300 ओहमचा सेनहायझर एचडी 600 आहे, त्याला अ‍ॅम्प्लिफायरचा खरोखर उपयोग होईल. पण एवढा महाग हेडफोन घेणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरही विकतच आणावा. ही मार्गदर्शिका बाकीच्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना तो लागत नाही पण बनवायचाच आहे अशांसाठी.

आता निवड. जाणकार मंडळी आधी विचारतील, आवाज कसा हवा, मऊ की स्वच्छ? उत्तर देऊ नका. उमरेडच्या माणसाने पहिला अ‍ॅम्प्लिफायर किलोमीटरवर निवडावा. नागपूर सुमारे 45 किलोमीटर. नागभीडची नॅरोगेज 2019 साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा रमतगमत जायची ती सोयही गेली. एसटी गणेशपेठला सोडते, पुढे बर्डीचा बाजार. जो भाग बर्डीवर उभ्याउभ्या मिळत नाही, तो ज्या सर्किटमध्ये आहे ते सर्किट तुमचं नाही. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरची आयसी जळणारच आहे; दुसरी केव्हा मिळेल एवढाच प्रश्न असतो.

या कसोटीवर पहिला बाद होतो तो ऑब्जेक्टिव्ह टू, ऊर्फ ओटू. मोजमापाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण त्याला नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, खास छापलेला बोर्ड आणि भागांची लांबलचक यादी लागते. तो 2011 साली ज्याने दिला, त्याने स्वतःचं खरं नाव कधी सांगितलं नाही आणि 2012 मध्ये तो अचानक गप्प झाला. आपल्या उमरेड-कऱ्हांडल्याचा जय वाघसुद्धा 2016 साली असाच दिसेनासा झाला. पण जयला शोधायला निदान वनखातं होतं.

दुसरा मोह पीएएम8403 चा. नखाएवढा बोर्ड, पाच व्होल्टवर चालतो, किंमत वडापावाच्या आसपास, आणि दुकानदार छातीठोक सांगतो की तीन-तीन वॅट देतो. देतो, पण स्पीकरला. या आयसीत दोन्ही चॅनलना आपापली प्लस आणि मायनस अशी वेगळी तार असते, आणि चारही तारांवर आवाज असतो. तुमच्या हेडफोनच्या जॅकला मात्र तीनच कड्या: डावा, उजवा आणि दोघांचा मिळून एक ग्राउंड. दोन्ही मायनस त्या एका कडीला जोडले की आयसीचे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. बोर्ड तापतो, आवाज फाटतो, आणि नवशिका आठवडाभर स्वतःच्या सोल्डरिंगला शिव्या देत बसतो. सोल्डरिंगचा यात काही दोष नसतो.

एलएम386 शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात शोभतो. स्टीरिओला दोन लागतात आणि आवाज वीसपटीच्या खाली येत नाही, सोबत सूंऽऽ फुकट. टीडीए2822एम जुन्या पॉकेट रेडिओत आणि कॅसेट प्लेयरमध्ये असायचा, तीन व्होल्टवरही इमानदारीने चालतो. पण त्याची वाढ सुमारे शंभरपट. मोबाइलचा आवाज शंभरपट करून तुम्ही नेमकं काय ऐकणार आहात, याचा एकदा विचार करा.

उरला सीमॉय. चू मॉय नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे सर्किट मांडलं आणि तेव्हापासून जगभरचे नवशिके याच्यावरच हात भाजून घेत आले आहेत. एक आठ पायांची आयसी, एक नऊ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. युक्ती बॅटरीत आहे. 4.7 किलोओहमचे दोन रेझिस्टन्स आणि 220 मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर लावून नऊ व्होल्टचे मधोमध दोन वाटे करायचे; मधला बिंदू हाच ग्राउंड. म्हणजे बॅटरीचा मायनस हा इथे ग्राउंड नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. हे सगळं ज्या डबीत बसवायचं ती लोखंडाची आहे, जॅकची बाहेरची कडी डबीला टेकते आणि ती मधल्या बिंदूला जोडलेली आहे. बॅटरीचं कुठलंही टोक झाकणाला लागलं, की अर्धी बॅटरी शॉर्ट. झाकणाच्या आतून पुठ्ठा चिकटवा. लग्नपत्रिकेचा उत्तम.

मूळ सर्किट आवाज अकरापट करतं, कारण त्यात 10 आणि 1 किलोओहमची जोडी आहे. इअरफोनला ते फार होतं: व्हॉल्यूम जरा फिरवला की किंकाळी, आणि त्याआधी नुसती खरखर. एकच्या जागी 4.7 लावा, तीनपट होईल. पिवळा, जांभळा, लाल. निळ्या अंगाच्या रेझिस्टन्सवर पट्ट्या पाच असतात आणि ट्यूबलाइटखाली लाल-तपकिरी सारखेच दिसतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा.

आयसी मात्र जपून. नेहमीची आयसी ओपीए2134, आणि तिच्या नावाने नकली माल सर्रास विकला जातो. काउंटरवरचा दादा एनई5532 पुढे करेल. ‘पिन सेम है, चलता है, ले जाओ.’ पिन सेम आहेत हे खरं. पण तिच्या इनपुटमधून थोडा करंट वाहतो, सुमारे 200 नॅनोअँपिअर. तो सीमॉयच्या 100 किलोओहमच्या रेझिस्टन्समधून गेला की 20 मिलिव्होल्ट तयार होतात, आणि अकरापट सर्किटमध्ये त्याचे 220. ते आवाजात ऐकू येत नाहीत, इअरफोनच्या पडद्याला मात्र कायम एका बाजूला ढकलून धरतात. म्हणून आयसी बेस लावा, पहिल्यांदा त्यात टीएल072 बसवा. स्वस्त आहे, पाय तेच आहेत, आणि हा इनपुटचा घोळ तिच्यात नाही. 32 ओहमवर ती लवकर दमते, पण तिला आपण जळायलाच आणलं आहे. सगळं ठीक निघालं की ओपीए2134. दोघींच्याही चार-चार आणा.

डबीचं बघू. अमेरिकेतले लोक अल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या डबीत हा अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. ती उमरेडच्या बाजारात शोधू नका, कंपासपेटी घ्या. डी. पी. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनच्या कंपासपेटीवर आपल्याकडच्या किती पिढ्या पोसल्या. त्यातला कर्कटक तसाही कोणाच्या कामी आला नाही. दुकानात जाताना बॅटरी खिशात असू द्या. ती साडेसतरा मिलिमीटर जाड असते. पेटीत ठेवून झाकण लावून पाहा. दुकानदाराने विचारलं तर भूमितीचं सांगा. भोकं जॅकसाठी दोन, व्हॉल्यूमसाठी एक. पत्र्याच्या कडा कानशीने घासा. खाणीच्या बाजूला राहत असाल तर व्हॉल्यूमचा पॉट बंदिस्त घ्या, कोळशाच्या धुळीने उघडा पॉट लवकरच खरखरायला लागतो.

बॅटरी जोडल्यावर लगेच कान लावायचा नाही. आधी आउटपुटवर मल्टिमीटर, डीसी व्होल्टवर. 20 मिलिव्होल्टच्या आत असेल तर बस स्टँडवर मिळणारा सगळ्यांत स्वस्त इअरफोन जोडा. 50 च्या वर असेल तर तोसुद्धा नको. आयसीला बोट लावा. गरम असेल तर ती उलटी बसली आहे, खाच कुठल्या बाजूला आहे ते बघा. कंडेन्सरची पट्टी मायनसकडे आहे ना? मग वाजेल. चांगली अल्कलाइन बॅटरी चाळीसेक तास जाते, कारण आयसी दोन्ही चॅनल मिळून आठेक मिलिअँपिअरच खाते. झगझगीत एलईडी लावलात तर त्यातले निम्मे तास दिव्याला गेले असं समजा.

एवढं झाल्यावर मोबाइल हातात घ्या आणि त्याला जॅकचं भोक आहे का ते पाहा. नसेल तर टाइप-सीचा डोंगल आणा. तो डोंगल एकटाच तुमचा इअरफोन उत्तम वाजवेल. तिकडे दुर्लक्ष करायचं.

शेजारचे काका येतील. ‘कायले बनवून राहिला बे? बर्डीवर भेटते नं हे!’ हो म्हणा आणि त्यांच्या कानाला लावा, पण गाणं त्यांच्या काळातलं लावा. मत बदलेल. काकू विचारतील, पोरगा इंजिनिअर झाला का जी? त्यांनाही हो म्हणा. बाबा खर्च विचारतील. त्यांना आयसी, रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि कंपासपेटी, एवढ्याचाच हिशेब द्या. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घरच्या कामाला आणले आहेत, मिक्सरची वायर त्यानेच तर जोडली. जळालेल्या आयसी मोजायच्या नसतात. आणि एसटीची तिकिटं यात धरायची नाहीत, नागपूरला तुम्ही कॉलेजच्या कामाने गेला होता.